दचकणाऱ्या गाडीचं संगोपन : नवशिक्यांसाठी सोपं गाईड (स्वाध्यायासह)

हे गाईड कोणासाठी?

ज्यांनी नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतली, पेढे वाटले, स्टेटसला फोटो ठेवला आणि पहिल्याच रविवारी मोकळ्या रस्त्यावर गाडीने आपल्या मनाने कचकन ब्रेक मारल्यामुळे मागच्या सीटवरच्या आत्याचा चिवडा ज्यांच्या मानेवर सांडला, त्या सर्वांसाठी. पुढे काहीच नव्हतं. ना गाय, ना गाडी, ना खड्डा. आत्या म्हणाली, "काय रे, डुलकी लागली का?" तुम्ही म्हणालात, "मी नाही, गाडीनेच मारला." या वाक्यावर घरात अजून कोणाचाही विश्वास बसलेला नाही. हे गाईड वाचूनही त्यांचा बसणार नाही. पण तुम्हाला निदान कारण कळेल.

शोरूममधला प्रसंग आठवा. सेल्समन म्हणाला होता, "सर, लेव्हल टू एडास आहे." तुम्ही जाणकारासारखी मान डोलावली. लेव्हल वन म्हणजे काय, हे विचारलं नाहीत, कारण शेजारी मेहुणा उभा होता. तर आता खासगीत सांगतो. एडास म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. एसएई या इंजिनीअरांच्या संस्थेने गाडीच्या शहाणपणाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी स्टेअरिंगही सांभाळते आणि वेगही. पण रस्त्यावर लक्ष ठेवणं आणि जे होईल त्याची जबाबदारी घेणं ही दोन कामं तुमच्याकडेच राहतात. थोडक्यात, ड्रायव्हर तुम्हीच. फक्त ब्रेकवर आता आणखी एक पाय आला आहे आणि तो मारण्याआधी तुम्हाला विचारत नाही.

(पेट्रोल-डिझेलवाल्यांनी हसू नये. हाच कॅमेरा आणि हेच रडार तुमच्याही अनेक नव्या गाड्यांत आहे. इलेक्ट्रिकवाल्यांचे काही जादा विषय आहेत, ते पाठ चारमध्ये.)

पाठ १ : गाडीचे डोळे शोधा

साहित्य : मऊ कापड, पाणी, थोडी नम्रता.

पहिला डोळा आतल्या आरशाच्या मागे, पुढच्या काचेला चिकटलेला असतो. हा कॅमेरा. रेषा, माणसं, गाड्या, पाट्या हे सगळं त्याने ओळखायचं असतं. दुसरा डोळा पुढच्या बंपरच्या किंवा कंपनीच्या चिन्हाच्या मागे असतो. हा रडार. तो साधारण ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि पुढचं धूड किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतंय, ते मोजतो. काही कंपन्या दोन्ही लावतात, काही नुसत्या कॅमेऱ्यावर भागवतात.

आता दसऱ्याची सकाळ डोळ्यांपुढे आणा. गाडी धुऊन झाली. आईने बंपरच्या बरोबर मधोमध हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूची घसघशीत ओली माळ बांधली, खाली लिंबू-मिरची लोंबकळली. नारळ फुटला. तुम्ही सोनं वाटायला निघालात आणि दोन चौक ओलांडेपर्यंत डॅशबोर्डवर संदेश आला : पुढचं रडार झाकलं गेलं आहे. प्लॅस्टिक आणि रंगाचा थर रडार सहज पार करतं. पाणी धरलेल्या फुलांचा जाड थर किंवा धातू मात्र त्याला पार होत नाही. आईला यातलं काही सांगू नका. "आई, माळ बोनेटवर जास्त शोभते" एवढंच म्हणा.

हाच न्याय बंपरपुढच्या लोखंडी गार्डला. असे गार्ड लावू देऊ नका, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. तरी ते बसवून देणारा भेटतोच. तो म्हणेल, "काय नाय होत साहेब." त्याचं खरं आहे, त्याला काहीच होत नाही.

काचेला तडा गेला आणि नवी काच बसवली, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. कॅमेऱ्याची नजर एक अंशाने जरी सरकली तरी ५० मीटरवर ती सुमारे ८७ सेंटिमीटर चुकते. शेजारच्या लेनमधून मुकाट जाणारा टेम्पो आपल्या लेनमध्ये घुसतोय असं वाटायला तेवढं पुरतं.

पाठ २ : गाडी कशाकशाला दचकते

सोसायटीत नवा वॉचमन आला की तो सेक्रेटरींना फाटकावर अडवतो आणि चोराला सलाम ठोकतो. त्याला बोलणी बसली की दुसऱ्या दिवसापासून तो एक तर सगळ्यांना अडवतो, नाही तर सगळ्यांना सोडतो. तुमच्या गाडीत हाच वॉचमन बसवलेला आहे. या पाठातला सगळा घोळ तिथून सुरू होतो.

रडारचंच बघा. पुढची वस्तू किती लांब आहे हे त्याला छान कळतं, पण ती किती उंचीवर आहे हे साध्या रडारला फारसं कळत नाही. रस्त्यावर आडवा पडलेला लोखंडी पाइप आणि डोक्यावरून गेलेली दिशादर्शक कमान, दोन्हींचा प्रतिसाद त्याला सारखाच वाटू शकतो. पुढे रस्ता पुलाखाली उतरत असेल तर तो पूल थेट गाडीच्या नाकासमोर येतो. दर कमानीला गाडी थांबायला लागली तर ती कोणी विकत घेणार नाही, म्हणून इंजिनीअरांनी रडारला बजावून ठेवलं की जागचं न हलणारं जे असेल त्याकडे फार लक्ष देऊ नकोस. मग रडारने रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या ट्रककडेही लक्ष दिलं नाही. परदेशात असे जीवघेणे अपघात झाले आहेत. चाळणी बारीक केली तर भुतं, म्हणजे नसलेले अडथळे, अडकतात, मोठी केली तर ट्रक निसटतो. दोन्ही एकदम जमेल अशी चाळणी अजून कोणी विणलेली नाही.

नवशिक्यांनी ओळखायची भुतं पुढीलप्रमाणे :

*मावळतीचा सूर्य.* संध्याकाळी पुण्याहून मुंबईला निघालात की सूर्य कॅमेऱ्याच्या तोंडावर येतो. बोगद्याच्या अंधारातून एकदम उजेडात आलं तरी तेच. क्षणभर कॅमेऱ्याला नुसता पांढरा पडदा दिसतो.

*पुलाची सावली.* भर दुपारी डांबरावर पडलेली काळीकुट्ट आडवी सावली. माणूस तिच्यावरून खुशाल जातो. कॅमेऱ्याला ती एखादी वस्तू वाटू शकते.

*लोखंडी प्लेट.* मेट्रोच्या कामाने खणलेल्या रस्त्यावर टाकलेली. रडारला हिचं फार आकर्षण.

*वळणावरचा ट्रक.* तो त्याच्या लेनमध्ये आहे, तुम्ही तुमच्या. पण वळणावर गाडीचं नाक सरळ त्याच्याकडे असतं, आणि गाडी नाकासमोर चालणाऱ्यांपैकी आहे.

*ट्रकच्या पाठीवरचा ८०.* वेगमर्यादा वाचणाऱ्या कॅमेऱ्याने समोरच्या ट्रकच्या मागचं गोल स्टिकर वाचलं की त्याला तो रस्त्याचा नियम वाटू शकतो. ट्रकवर ४० लिहिलं असेल तर द्रुतगती मार्गावर तुमची गाडी अचानक सात्त्विक होईल.

*फ्लेक्स.* चौकात हात जोडून उभे असलेले पूर्णाकृती भावी नगरसेवक. छापलेला माणूस आणि खरा माणूस यांतला फरक यंत्राला दर वेळी कळेलच असं नाही. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी रस्त्यावर प्रोजेक्टरने माणसाची आकृती पाडली, डिजिटल जाहिरातीत अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ 'थांबा'चा फलक चमकवला, आणि गाडीने त्यांना खरं मानलं.

आता उलट बाजू, म्हणजे चोराला सलाम. २०१७ मध्ये व्होल्व्होने ऑस्ट्रेलियात कबूल केलं की त्यांच्या यंत्राला कांगारू समजत नाही. एखादी वस्तू किती लांब आहे हे यंत्र तिचे पाय जमिनीला कुठे टेकतात त्यावरून ठरवत होतं. कांगारू हवेत उडाला की लांब गेल्यासारखा वाटायचा आणि खाली आला की एकदम जवळ.

आपल्याकडे कांगारू नाहीत. आपल्याकडे जानेवारीतल्या रात्री सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेला ट्रॅक्टर आहे. ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. मागून वाढं जमिनीपर्यंत लोंबतंय, त्यामुळे चाकं दिसत नाहीत. टेललॅम्प असलाच तर वाढ्याच्या आत. वेग सायकलचा. ट्रॅक्टरवाल्याने मोठ्या आवाजात गाणी लावलेली, त्यामुळे तो लांबून ऐकू येतो. पण तुमच्या गाडीच्या काचा बंद आहेत आणि कॅमेऱ्याला कान नाहीत. तुमच्या स्क्रीनवर तो ट्रक म्हणून उमटेल, टेकाड म्हणून की उमटणारच नाही, याची पैज लावू नका. इथे गाडी दचकण्याची वाट बघायची नाही, आपण आधी दचकायचं.

पाठ ३ : थोर गाड्यांची चरित्रे

आपल्याच गाडीला असं होतं, असं वाटून खचून जाऊ नका. थोरामोठ्यांच्या घरीही हेच आहे.

टेस्लाने मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मॉडेल थ्री आणि मॉडेल वाय या गाड्यांतून रडारच काढून टाकलं. माणूस दोन डोळ्यांवर गाडी चालवतो, मग यंत्राला कॅमेरे पुरेत, असा विचार. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या वाहनसुरक्षा खात्याने चौकशी सुरू केली, कारण विनाकारण ब्रेक लागल्याच्या ३५४ तक्रारी नऊ महिन्यांत जमल्या होत्या. चौकशीच्या कक्षेत सुमारे ४ लाख १६ हजार गाड्या आल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर गाड्या नसलेल्या टकरीला घाबरून ब्रेक मारू लागल्या, तेव्हा ११,७०४ गाड्यांसाठी रिकॉल निघाला. कारण असं की गाडीतल्या दोन चिपांचं आपसांत बोलणं तुटलं होतं. हे कारण ज्यांना अविश्वसनीय वाटतं त्यांनी एकत्र कुटुंबात राहून बघावं.

टेस्ला जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दाखल झाली आहे. तिला आपल्या रस्त्यांची ओळख हळूहळू होईल. घाई नाही.

एवढं ऐकून तुम्ही विचाराल, मग हे बंदच का करू नये? थांबा. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रामुळे पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे प्रकार निम्म्यावर येतात, असं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी चालवलेल्या महामार्ग सुरक्षा संस्थेचं निरीक्षण आहे. म्हणून तर तिथल्या सरकारने २०२४ मध्ये नियम केला की सप्टेंबर २०२९ पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात हे यंत्र हवंच. त्यामुळे वर्षाला किमान ३६० जीव वाचतील असा सरकारचा अंदाज आहे. ज्या क्षणी तुम्ही मोबाइलवर 'कुठे पोचलास?' वाचत असता आणि पुढचा टेम्पो थांबतो, त्या क्षणी हाच वॉचमन तुम्हाला वाचवतो. त्याला कामावरून काढायचं नाही आणि त्याच्या भरवशावर दार उघडं टाकून गावालाही जायचं नाही.

पाठ ४ : ब्रेकचे प्रकार

इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक मारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. नवशिक्यांनी प्रथम कोण मारतंय ते ओळखावं.

*पहिला, रिजेन.* अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटी राबून बॅटरीत वीज भरते आणि गाडी मंदावते. हा बिघाड नाही. मागच्या सीटवरच्यांना मात्र मळमळतं. पाय हळू उचला, नाही तर आत्याला आल्याची वडी द्या. जोराच्या रिजेनला मागचे ब्रेक लाइट लागायला हवेत; संयुक्त राष्ट्रांच्या नियमात त्यासाठी वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त उतरला की दिवा लागलाच पाहिजे अशी रेषा आखली आहे. तुमच्या गाडीचा दिवा कधी लागतो ते रात्री सोसायटीच्या भिंतीसमोर बघून घ्या. मागच्याला तुमच्याबद्दल जे काही कळतं ते त्या दिव्यातूनच.

*दुसरा, नसलेला रिजेन.* लोणावळ्यात थांबलात, वडापाव होईपर्यंत गाडी १०० टक्के चार्ज केली आणि लगेच बोरघाट उतरायला लागलात. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तशी भरलेल्या बॅटरीत वीज मावत नाही. मग रिजेन कमी होतं किंवा बंदच पडतं आणि रोजच्या सवयीने पाय उचलला तरी गाडी मंदावत नाही. घाट उतरायचा असेल तर बॅटरीत थोडी जागा ठेवा आणि वडापाव एकच खा, म्हणजे वेळेचाही मेळ बसतो.

*तिसरा, खड्ड्यातला.* ब्रेक दाबलेला असताना चाक खड्ड्यावरून उडालं की मोटरचा ब्रेक सुटतो आणि चकत्यांचा ब्रेक त्याची जागा घेतो. या देवाणघेवाणीत क्षणभर गाडी पुढे सरकल्यासारखी वाटते. टोयोटाला २०१० मध्ये याच तऱ्हेच्या तक्रारींवरून प्रियससह सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला होता. उपाय : पाय उचलू नका, ब्रेक आणखी घट्ट दाबा.

*चौथा, क्रूझचा.* पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा. शहरात हा लावू नये. तुम्ही अंतर सोडता, तिथे रिक्षा घुसते. गाडी रिक्षासाठी अंतर सोडते, तिथे दुसरी येते. या हिशोबाने हडपसरहून स्वारगेटला निघालेला माणूस हळूहळू सोलापूरकडे सरकतो.

*पाचवा, आणीबाणीचा.* कर्कश आवाज, लाल चित्र, पट्टा छातीवर आवळला जातो आणि चिवडा.

पाठ ५ : भुताने ब्रेक मारल्यावर

पायरी १. ओरडू नका. मागे आत्या ओरडतेच आहे.

पायरी २. पुढे खरंच काही नाही याची नजरेने खात्री करा आणि मगच अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबा. बहुतेक गाड्यांत तुमचा पाय यंत्राच्या वरचढ ठरतो. खात्री नसेल तर दाबू नका. कदाचित भूत खरं असेल.

पायरी ३. आरशात बघा. खरं तर ही पायरी शून्य आहे. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. तुमच्या गाडीला भूत दिसलं, पण मागच्या ट्रेलरवाल्याला दिसलेलं नाही. त्याचा पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद लागला, तर ८० च्या वेगाने तेवढ्यात तो ३३ मीटर पुढे आलेला असतो. विनाकारण लागलेल्या ब्रेकचा खरा धोका पुढून कधीच येत नाही. पुढे काही नसतंच. तो मागून येतो. आणि गाडी बनवणाऱ्यांनी गाडीचे सगळ्यांत महागडे डोळे पुढे बसवले आहेत.

म्हणून क्रूझ लावण्याआधी मागे कोण आहे ते बघायची सवय लावा. पाठीशी ट्रेलर चिकटला असेल तर क्रूझ सोडा, त्याला पुढे जाऊ द्या. ट्रकच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहितात, तसं तुम्ही 'ही गाडी स्वतःच्या मनाची आहे, अंतर ठेवा' असं लिहिलंत तरी हरकत नाही. फक्त मागच्या काचेवर कॅमेरा असेल तर त्यावर चिकटवू नका.

पायरी ४. घरी आल्यावर मेनू उघडा. टकरीची सूचना लवकर, मध्यम की उशिरा, हे बहुतेक गाड्यांत निवडता येतं. लवकर निवडलंत तर प्रत्येक रिक्षाला आरती होईल.

पाठ ६ : सर्व्हिस सेंटरशी संवाद

हा संवाद पाठ करून जा.

"गाडीने उगाच ब्रेक मारला."

"सर, स्कॅन केलं. एकही कोड नाही."

"पण ब्रेक लागला ना?"

"लागला असेल ना सर. म्हणजे सिस्टिम चालू आहे."

"पुढे काही नव्हतं."

"तुम्हाला दिसलं नसेल सर."

इथे बोलणं संपतं, कारण याच्यापुढचं उत्तर तत्त्वज्ञानात आहे. म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. तारीख, वेळ, जागा, ऊन कोणत्या बाजूने होतं, क्रूझ चालू होतं का, हे लिहून न्या. डॅशकॅमचं चित्रण असेल तर उत्तमच. त्याच कमानीखाली, त्याच वेळी पुन्हा तसंच झालं तर तो योगायोग राहत नाही, आणि तक्रार लेखी घ्यायलाच लावा. शेवटी ते म्हणतील, "पुढच्या अपडेटमध्ये होईल." होईलही. पण अपडेटने चाळणी बदलते. म्हणून अपडेटनंतरचे काही दिवस गाडी नव्याने ओळखावी लागते. जुनी भुतं गेली असतील, नवी आली असतील.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा.
(अ) गाडी पुढे बघते, म्हणून ड्रायव्हरने ______ बघावं.
(आ) दसऱ्याची माळ ______वर घालावी, ______वर घालू नये.

प्र. २. जोड्या लावा.
'अ' गट : मावळतीचा सूर्य, लोखंडी प्लेट, फ्लेक्स, उसाची ट्रॉली.
'ब' गट : रडार, कॅमेरा, कॅमेरा, फक्त तुम्ही.

प्र. ३. कारणे द्या.
(अ) लोणावळ्यात पोट भरावं, बॅटरी भरू नये.
(आ) जी गाडी कधीच उगाच दचकत नाही, तिच्यावर जास्त संशय घ्यावा.

प्र. ४. प्रात्यक्षिक. रविवारी पहाटे रिकाम्या मैदानात रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवून गाडी थांबते का ते बघण्याचा मोह होईल. करू नये. नाही थांबली तर खोका जाईल. थांबली तर तुमचा तिच्यावर विश्वास बसेल, आणि ते जास्त वाईट.

प्र. ५. 'अपघात झाला तेव्हा गाडी कोण चालवत होतं?' एका शब्दात उत्तर लिहा. (सूचना : मेहुणा काहीही म्हणो, लेव्हल टूची व्याख्या, वाहतूक पोलीस आणि आत्या या तिघांचं उत्तर एकच आहे.)